वळिवडे पोलिश निर्वासित वसाहत

दुसऱ्या महायुद्धकाळात पोलंडमधून विस्थापित झालेल्या नागरिकांसाठी तत्कालीन कोल्हापूर संस्थानात वसविण्यात आलेली वसाहत (१९४३–४८). कोल्हापूर शहराच्या पूर्वेस कोल्हापूर–मिरज लोहमार्गालगत वळिवडे या गावी ती होती. मायदेशाच्या सीमांचा प्रश्न अनिर्णित असता निराश्रित झालेल्या लोकांना आंतरराष्ट्रीय साहाय्य कसे मिळते व त्याच्या मर्यादा कोणत्या, हे या वसाहतीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून व सोव्हिएट रशियाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. सोव्हिएट अंमलाखालील पूर्व पोलंडमधून १९४०-४१ मध्ये लाखो लोकांची सायबीरिया, कझाकस्तान इ. भागांत सक्तीने रवानगी करण्यात आली. जर्मनीने रशियावर स्वारी केल्यानंतर ३० जुलै १९४१ रोजी लंडनस्थित पोलिश सरकार व सोव्हिएट सरकार यांच्यात करार होऊन या लोकांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला; मात्र दोन्ही देशांमधील सीमा कोणती, हे त्या करारात ठरले नाही. १९४२ मध्ये सु. १,१५,००० सैनिक व नागरिक इराणमध्ये आले. त्यांतील नागरिकांची व्यवस्था पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड, भारत इ. ठिकाणी करण्यात आली. भारतात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला. वळिवडे ही भारतातील सर्वांत मोठी पोलिश वसाहत होय. तेथे सु. ५,००० लोक राहत; त्यांत स्त्रिया व मुले यांचा भरणा अधिक होता. शाळा, रुग्णालय, चर्च व रंगमंच यांची सोय वसाहतीत होती. शिक्षण पोलिश भाषेतून दिले जाई, कारण युद्ध संपताच स्वगृही परतावयाचे, अशी सर्वांची धारणा होती.

फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा परिषदेने ही आशा संपुष्टात आणली. पूर्व पोलंडचा बहुतेक प्रदेश सोव्हिएट रशियाकडे राहावा, असे तीत ठरले. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन व अमेरिका यांनी लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वसाहतीचा खर्च याच सरकारच्या आधारावर चालत असल्यामुळे रहिवाशांना गाव आणि पालक असे दोन्ही एकदमच पारखे झाले. पुढे १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन प्रशासनाने (अन्रा) वसाहतीची जबाबदारी घेतली. तथापि या संस्थेचा मुख्य भर विस्थापितांना स्वदेशी परत पाठविण्यावर होता, आणि वळिवड्यातील अनेकांची घरे तर आता परराष्ट्रात गेली होती. रास्त आक्षेप असलेल्या निर्वासितावर परतण्याची सक्ती करू नये, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १२ फेब्रुवारी १९४६ रोजी संमत केला. १९४७ मध्ये कार्यारंभ केलेल्या आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने या तत्त्वानुसार अन्य देशांत पुनर्वसनाचे कार्य हाती घेतले. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. काही जण पोलंडला परतले. अनेक जण ब्रिटनला किंवा पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत गेले व कालांतराने ऑस्ट्रेलियासारख्या देशांत स्थायिक झाले.

रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीमुळे सिंधमधून आलेल्या निर्वासितांना जागा देण्यात आली. गांधीनगर ही आजची व्यापारी वसाहत यातूनच उदयास आली. सिंधी निर्वासितांनाही सीमा बदलल्यामुळेच घरदार सोडावे लागले होते. पण त्यांच्यामागे भारताचे नागरिकत्व होते. त्यामुळे ते आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेच्या कक्षेत आले नाहीत व त्यांच्या पुनर्वसनाचा भार भारत सरकारने उचलला. पोलिश रहिवाशांना मात्र आपले म्हणणारे मान्यताप्राप्त राज्यच उरले नव्हते. आंतरराष्ट्रीय संस्थेची गरज नेमकी अशा ठिकाणी निर्माण होते.

या अनुभवांतून पुढे कायम स्वरूपाची यंत्रणा उभी राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांचे कार्यालय १९५१ च्या आरंभी सुरू झाले. त्याच वर्षीच्या निर्वासितविषयक करारान्वये, जेथे जीविताला वा स्वातंत्र्याला धोका आहे अशा प्रदेशात निर्वासितास परत धाडण्यास मनाई करण्यात आली. १९६७ च्या पूरक करारनाम्याने मूळ करारातील कालमर्यादा दूर केली. भारताने हे दोन्ही करार स्वीकारलेले नाहीत. स्वदेशाच्याच सीमेत विस्थापित झालेल्यांना १९५१ चा करार लागू होत नाही. त्यांच्याकरिता १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली, तथापि ती बंधनकारक नाहीत. सीमातंटा सोडविणे या कोणत्याही व्यवस्थेच्या अधिकारात नाही. तो सुटेपर्यंत अथवा प्रतिकूल सुटल्यास माणसाला निवारा आणि निवडीची संधी देणे, एवढेच तिचे कार्य होय. वळिवड्याच्या पोलिश रहिवाशांची स्मृती जतन करणारा स्तंभ कोल्हापूरच्या महावीर उद्यानात आहे.