भूल देताना बाळाचे ठोके जपूया

२०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचे डॉक्टर अंगणवाडीत मुलं तपासतात. कुणाला हर्निया निघतो, कुणाचा डोळा तिरळा असतो, आणि ऑपरेशन ठरतं. मग आपल्या मनात पहिला प्रश्न येतो, बाळाला भूल झेपेल ना?

भुलेत लहान मुलाचे ठोके मंदावतात, ते बहुतेक वेळा प्राणवायू कमी पडल्यामुळे. म्हणून भूलतज्ज्ञ बोटाला चिमटा आणि छातीला ईसीजी लावून सतत लक्ष ठेवतात. तिरळेपणाच्या ऑपरेशनात डोळ्याचा स्नायू ओढला गेला तरी ठोके मंदावू शकतात. तेव्हा सर्जन हात थांबवतात आणि गरज पडली तर ॲट्रोपिन दिलं जातं.

बाकीची काळजी आपल्या हातात आहे. पोटातलं अन्न उलटून श्वासनळीत गेलं, तर प्राणवायू अडतो. म्हणून साधारणपणे जेवण आणि वरचं दूध ६ तास, अंगावरचं दूध ४ तास आणि साधं पाणी २ तास आधी बंद करतात. डॉक्टरांनी वेगळी वेळ दिली, तर तीच पाळायची. आजीने मायेने सुकेळीचा तुकडा भरवला असेल, तर तोही लपवू नका.

गेल्या दोन आठवड्यांत सर्दी-खोकला झाला होता का? मूल खेळताना कधी बेशुद्ध पडलं का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का? कुठली औषधं चालू आहेत? हे सगळं न विचारताही सांगा. तारीख पुढे ढकलायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील.