कंबर धरली आणि लघवी अडली

भातलावणीच्या दिवसांत सिंधुदुर्गातल्या धामापुरात कंबर धरली नाही असं घर क्वचितच सापडेल. ओणवं राहून, नारळाची पोती उचलून उसण भरते, कळ पायात उतरते. ‘नस दबली’ म्हणून माणूस चोळून, शेकून घेतो. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत ऑपरेशनविना थांबतंही. त्यामुळेच कंबरेचा लघवीशी काही संबंध असेल, हे कोणाच्या मनात येत नाही.

मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली नसांचा झुपका उतरतो, त्याला डॉक्टर कॉडा इक्वायना म्हणतात. मूत्राशय भरल्याची जाणीव देणाऱ्या आणि ते रिकामं करणाऱ्या नसा याच झुपक्यात असतात. मणक्यांमधली चकती मोठ्या प्रमाणात मागे सरकली, की हा झुपका चेपतो आणि लघवी अडते. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर ती तातडीची वेळ असते.

‘थेंब थेंब का होईना, होते आहे ना, मग अडली कशी?’ हा सगळ्यांत घातक गैरसमज. मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते. जाणीव गेली की त्याहून कितीतरी जास्त साठते, आणि न मावलेली तेवढी कपड्यांत गळते. दुखतही नाही, कारण दुखणं कळवणारी नसच दबलेली असते. मग बाई बाळंतपणाला दोष देते, पुरुष प्रोस्टेटला आणि म्हातारी माणसं वयाला. शौचानंतर धुताना पाण्याचा, हाताचा स्पर्श नेहमीसारखा कळतो का, हे स्वतःला विचारा. तिथे बधिरपणा असेल, दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तपणा असेल, तर चोळणाऱ्याकडे जाऊ नका.

‘एक्स-रेत गॅप नाही’ हाही दिलासा खोटा; एक्स-रेत नसा दिसत नाहीत, त्यासाठी एमआरआय लागतो. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली, ते सोनोग्राफीत कळतं.

आणि ‘मणक्याचं ऑपरेशन केलं की पाय जातात’ ही भीती? धोका प्रत्येक शस्त्रक्रियेत असतो, पण इथे नुकसान करते ती दिरंगाई. त्रास सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत, आणि त्यातही जितक्या लवकर, दाब काढला तितकं नियंत्रण परतण्याची आशा अधिक. उशीर झाला तर काहींना कायम नळीने लघवी काढावी लागते.

अशी लक्षणं दिसली की रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा. ओरोसचं सरकारी रुग्णालय असो वा बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, निघण्याआधी एमआरआय आणि मणक्याचे सर्जन उपलब्ध आहेत का ते विचारा. डॉक्टरांना नुसतं ‘कंबर दुखते’ सांगू नका. लघवीचं आणि बधिर जागेचं लाज न धरता आधी सांगा.