घर नंतर, आधी गाव

ग्रीक बेटावर आठवडाभर व्हिला घ्यायचा ठरला की शोध सुरू होतो तो फोटोंपासून. स्विमिंग पूल केवढा, गच्चीतून समुद्र दिसतो का, किनारा किती मिनिटांवर, एवढं पाहून पैसे भरले जातात. गाव कोणतं हा प्रश्न शेवटी येतो, कित्येकदा येतच नाही. मला हा क्रम उलटा वाटतो. व्हिला म्हणजे शेवटी चार भिंती आणि एक स्वयंपाकघर, तसा तो कुठेही मिळतो. त्याच्या फाटकाबाहेर पाऊल टाकल्यावर काय आहे, यावर सुट्टी बेटावर घालवली की फक्त उन्हात, हे ठरतं. म्हणून घर समुद्रावरून नव्हे, गावावरून निवडावं. क्रीट बेट पाहिलं की हे चांगलं पटतं.

क्रीट हे ग्रीसचं सर्वांत मोठं बेट. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर, वस्ती सहा लाखांच्या आसपास, आणि मधोमध अडीच हजार मीटरच्या जवळ पोहोचणारे डोंगर. इथली बरीच जुनी खेडी किनाऱ्यावर नाहीत, थोडी आत, टेकड्यांच्या आडोशाला आहेत. याला कारण आहे. शतकानुशतकं समुद्रातून चाचे येत. १५३८ मध्ये तुर्की नौसेनापती बार्बरोसाच्या आरमाराने या किनाऱ्यावर धाडी घातल्या. जिथे आज आरामखुर्च्या मांडलेल्या दिसतात तिथे राहणं तेव्हा जिवावरचं होतं. ऑलिव्हच्या बागा आत, म्हणून घरं, चर्च आणि विहिरीही आत. उत्तर किनाऱ्यावरची हॉटेलांची सलग रांग ही गेल्या पन्नास-साठ वर्षांतली, आणि त्यातली बरीच दारं हिवाळ्यात बंद असतात. अशा पट्ट्यात घर घेतलं तर शेजारीही पाहुणा, समोरचं दुकानही पाहुण्यांसाठीच, आणि जेवणाचं कार्ड पाच भाषांत. क्रीटचा माणूस भेटतो, पण तो कामावर असतो.

आता किनाऱ्यापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं आत जाऊ. हानिया आणि रेथिम्नो या दोन शहरांच्या मधला अपोकोरोनास हा प्रदेश ऑलिव्ह, सायप्रस वृक्ष आणि दगडी खेड्यांचा. त्यातलं वामोस हे गाव एकोणिसाव्या शतकात तुर्की अमलात या भागाचं प्रशासकीय ठाणं होतं. १९९० च्या दशकात इथल्या काही रहिवाशांनी एकत्र येऊन पडीक दगडी घरं दुरुस्त केली आणि पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. जवळच्या गावालोखोरीत बायका रेशमाच्या धाग्याची बारीक लेस विणतात, तिची परंपरा तिथल्या छोट्या संग्रहालयात पाहता येते. या गावांत बेकरी, किराणा आणि काफेनिओ बारा महिने चालतात, कारण गिऱ्हाईक गावचंच असतं. काफेनिओ म्हणजे म्हातारे लोक एका कॉफीवर तासन् तास बसतात ती जागा. व्हिलातल्या स्वयंपाकघराला खरा अर्थ इथे येतो. बेकरीतून जवाचा दोनदा भाजलेला, दगडासारखा टणक पाव आणायचा, त्यावर पाण्याचा हलका हबका मारायचा, पिकलेला टोमॅटो किसून पसरायचा, वर मिझिथ्रा नावाचं ताजं चीज, ओरेगानो आणि हात न आखडता ऑलिव्ह तेल. टोमॅटोचा रस मुरून पाव खालून कुरकुरीत आणि वरून मऊ झाला की डाकोस तयार. शाकाहारी कुटुंबांना ग्रीसची धास्ती वाटते, तिचं उत्तरही गावातच आहे. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासांमुळे परंपरेने वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस मांस वर्ज्य. त्यातून तेलात शिजवलेल्या भाज्या, मोठ्या पांढऱ्या घेवड्याची उसळ, भात भरलेले टोमॅटो आणि रानभाज्या यांचं एक आख्खं स्वयंपाकशास्त्र उभं राहिलं आहे.

गाव मधे धरलं की भोवतालही हाताशी येतो. कुर्नास हे क्रीटमधलं एकमेव नैसर्गिक गोड्या पाण्याचं तळं अर्ध्या तासावर आहे. सौदाच्या आखातावरच्या पठारावर आप्तेरा या प्राचीन नगरीचे अवशेष आहेत. तिथल्या रोमनकालीन पाण्याच्या टाकीत उतरावं. तीन उंच कमानदार दालनं, भिंतींना अजून टिकून असलेला गिलावा, आणि कोरड्या टेकडीवर एवढं पाणी साठवायला लागलेली अक्कल. पश्चिम टोकाला फालासार्नाचं प्राचीन बंदर तर चक्क कोरड्या जमिनीवर आहे. इ. स. ३६५ च्या भूकंपात पश्चिम क्रीटचा किनारा उचलला गेला, इथे सहा मीटरांहून अधिक. जहाजं लागत तो धक्का आज समुद्रापासून दूर, झुडपांत उभा आहे. भूगर्भशास्त्राचं पुस्तक न उघडता जमीन कशी हलते हे समजून घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. आणि सामारियाची घळ: सुमारे १२३० मीटर उंचीवरून सुरू होऊन १६ किलोमीटर उतरत लिबियन समुद्रापर्यंत. १९६२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा आतलं खेडं उठवण्यात आलं. खाली आया रुमेलीला गाडीरस्ताच नाही, तिथून बोटीने होरा स्फाकियोनला जायचं आणि बसने परतायचं. ही बस व्रिसेसवरून जाते, आणि व्रिसेस अपोकोरोनासमध्येच आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: एवढा खर्च करून एकच बेट? सँतोरिनी, मिकोनोस राहून जातील त्याचं काय? पण प्रत्येक बेटबदलात सामान बांधणं, बंदर गाठणं, बोटीची वाट पाहणं आणि नवं घर लावणं यात दिवसाचा मोठा भाग जातो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी वारा जोरात सुटला तर बोटी रद्दही होतात. सँतोरिनीचं क्षेत्रफळ जेमतेम ७६ चौरस किलोमीटर. गर्दी इतकी, की २०२५ पासून ऐन हंगामात तिथे आणि मिकोनोसला उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर माणशी २० युरो आकार लागतो. सँतोरिनीच्या ज्वालामुखीच्या कड्याला तोड नाही, हे मान्यच. त्यासाठी वेगळा प्रवास करावा, क्रीटचा आठवडा मोडू नये.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पाहुण्यांच्या घरांमुळे स्थानिकांना राहायला घर उरत नाही. ग्रीसमधल्या बेटांवर बदलून आलेल्या शिक्षकांना आणि डॉक्टरांना भाड्याची जागा मिळत नाही, ही तिथली जुनी तक्रार आहे. मध्य अथेन्समध्ये अशा घरांची नवी नोंदणी सरकारने २०२५ च्या सुरुवातीपासून थांबवली आहे. गावात घर घेतलं की हा दोष धुऊन निघतो, असं मी म्हणणार नाही. पण पडायला आलेलं जुनं घर दुरुस्त करून वापरात आणणं आणि पाण्याची टंचाई असलेल्या उतारावर स्विमिंग पूल खोदून नवा बंगला बांधणं यात मोठा फरक आहे, आणि तो फरक भाडेकरूच्या निवडीवर टिकतो. जाहिरातीत सरकारी नोंदणी क्रमांक आहे का, एवढं तरी प्रत्येकाने तपासावं.

खर्चाचं म्हणाल तर ८० चौरस मीटरहून मोठ्या स्वतंत्र घरावर २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर दर रात्री १५ युरोंचा हवामान-कर आहे. तो घरामागे असतो, माणशी नाही, त्यामुळे दोन-तीन पिढ्यांच्या कुटुंबाला जड जात नाही. गाडी मात्र हवीच. त्यासाठी भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय पहिले दोन दिवस गावातल्या गावात करावी. ज्यांना समुद्रातही उतरायचंय आणि गावही पाहायचंय त्यांनी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्य हा काळ धरावा. पाणी अजून उबदार असतं, सामारियाची घळ बहुधा उघडी असते, आणि द्राक्षांचा चोथा भट्टीवर चढवून त्सिकुदिया ही दारू गाळण्याच्या तयारीला खेडी लागलेली असतात.