आवराआवरीचे मोल

पूर्वी पेढीवरील मुनीम गतवर्षीची खाती पुरी करून, येणे-देणे जुळवूनच दिवाळीला नवी वही मांडीत असे. या कामाने विक्री वाढत नसे. परंतु ते राहून गेले तर पुढील वर्षाचा हिशेब चुके. संगणकप्रणालीलाही अशीच आवराआवर लागते.

अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअरदलाल कंपनीला १ ऑगस्ट २०१२ रोजी ती न केल्याची किंमत मोजावी लागली. न्यू यॉर्क शेअर बाजाराची एक नवी योजना त्या दिवशी सुरू होत होती. तिच्यासाठी लिहिलेला कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. एकावर तो राहून गेला. तेथे २००३ पासून वापरात नसलेला, पण कोणीही काढून न टाकलेला कोड तसाच होता. नव्या कोडसाठी त्याचीच खूण पुन्हा वापरल्यामुळे तो जागा झाला. ‘मागणी पुरी झाली, थांबा’ असे सांगणारी मोजणी २००५ मध्येच अन्यत्र हलवलेली असल्याने आदेश सुटतच राहिले. बाजार उघडण्यापूर्वी आलेल्या ९७ ई-मेलांत बिघाडाची चाहूल होती. त्यांची दखल घेतली गेली नाही. ४५ मिनिटांत सुमारे ४० लाख सौदे होऊन तोटा ४६ कोटी डॉलरांवर गेला. चढवलेला कोड दुसऱ्या जाणकाराने तपासावा, असा लेखी नियमच कंपनीत नव्हता, हे नियामकांच्या चौकशीत आढळले.

नवी योजना वेळेवर सुरू करणारा सर्वांच्या नजरेत भरतो. नऊ वर्षांचा निरुपयोगी भाग काढणाऱ्याच्या किंवा आपली माहिती सहकाऱ्यास समजावणाऱ्याच्या श्रमांची नोंद क्वचितच होते. मग ते काम मागे पडते.

मायक्रोसॉफ्टमध्ये कर्मचाऱ्यांची प्रतवारी ठरलेल्या प्रमाणात होत असे. कोणाला तरी खालची श्रेणी मिळणारच. अशा ठिकाणी सहकाऱ्याला हात देणे म्हणजे स्वतःचे नुकसान ओढवून घेणे. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने ही पद्धत मोडीत काढली आणि इतरांच्या यशातील वाटाही मूल्यमापनात धरला.

दुकान असो वा सॉफ्टवेअर कंपनी, बोनस ठरवताना मालकाने विक्रीच्या आकड्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत: यंदा जुने काय निस्तरले? आणि आपले काम आणखी कोणाला शिकवले? ज्याची नोंद जमेच्या बाजूस होते, तेच काम टिकते.