रत्नागिरीचा शाळा-बँड मुंबईला निघतो



गळिताच्या धामधुमीत रत्नागिरीची गोष्ट कशाला, असं कोणी विचारील. त्या जिल्ह्यात साखर कारखाना नाही, ऊसही औषधापुरताच. आपला संबंध म्हणाल तर शाळेची सहल आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला न्यायची आणि येताना आमसुलं, फणसपोळी आणायची, एवढाच. पण तिकडची शाळा जेव्हा आपला बँड घेऊन मुंबईला निघते, तेव्हा त्या प्रवासात आपल्या भागातल्या शाळांनी पाहण्यासारखं बरंच असतं. आपल्या गावोगावच्या हायस्कुलांत देणगीतून आलेली वाद्यं आहेत आणि त्यातली कितीतरी कपाटात आहेत. म्हणून हा लेख.

बँड म्हणजे वरातीतला नव्हे. शाळेचा बँड म्हणजे एक मोठा ड्रम, चार-सहा लहान ड्रम, झांजा, बिगुल, बासऱ्या, आणि सर्वांच्या पुढे दंड फिरवत चालणारा एखादा उंच मुलगा किंवा मुलगी. उघड्या मैदानावर आवाज भरायचा तर पंचवीस-तीस पोरं हवीतच. रत्नागिरीत अडचण सुरू होते ती इथूनच. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ साली १६,१५,०६९ झाली. सगळ्या राज्याची वाढत असताना इथली ऐंशी हजारांवर माणसं कमी झाली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२. बापई माणूस कुठं गेला हे सांगायला नको. वाडीवरच्या शाळेत पट इतका लहान की बँड सोडा, कबड्डीचे दोन संघ उभे करताना मास्तरांना घाम फुटतो. त्यामुळे बँड निघतो तो शहरातल्या किंवा बाजारपेठेच्या गावातल्या हायस्कुलात, आणि त्यातही मुलींना घेतल्याशिवाय पथक पुरं होणं कठीण. आमच्या मते हे चांगलंच आहे. आपल्याकडे मुलींच्या हाती लेझीम देतात, बिगुल द्यायला अजून मागेपुढे बघतात.

मुंबई ही रत्नागिरीकरांना नवलाची नाही, निम्मं घर तिथंच असतं. गिरण्या चालू होत्या तेव्हा लालबाग-परळला गावोगावच्या मंडळांच्या खोल्या होत्या. एकेका खोलीत दहा-वीस चाकरमानी पाळीपाळीनं झोपत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो रेंगाळला, आणि कितीतरी जण ट्रंका उचलून गावी परतले. त्या खोल्यांपैकी काही आजही आहेत. रत्नागिरीचा पोरगा आठवी-नववीत बिगुल फुंकतो, आणि चार-पाच वर्षांनी तोच पोटासाठी मुंबईची गाडी धरतो, तो एकटा. बँडाबरोबर जातो तेव्हा मात्र तीस जणांबरोबर जातो, वाजवतो, आणि परत येतो. रस्त्याच्या कडेला उभा असलेला एखादा काका, मामा त्याला गणवेशात बघतो. मुंबईत त्याची पहिली ओळख अशी झाली तर त्यात मोठा फरक आहे, असं आम्हाला वाटतं.

पूर्वी हे सोपं नव्हतं. आगबोट होती, पण पावसाळ्यात बंद. एस.टी. होती, पण घाटाघाटांतून अख्खी रात्र हाडं खिळखिळी व्हायची, आणि टपावर बांधलेल्या ड्रमचं काय होत असेल ते आपणच ताडावं. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली. आता सावंतवाडीहून दादरला जाणारी एक गाडी रात्री रत्नागिरी सोडते आणि सकाळी दादरला पोचवते. तिचं नाव तुतारी एक्सप्रेस. रत्नागिरी तालुक्यातल्या मालगुंडचे कवी केशवसुत, त्यांच्या ‘तुतारी’ कवितेवरून २०१७ साली हे नाव दिलं. बिगुलवाल्या पोरांना याहून शोभणारी गाडी कुठली! रत्नागिरी सोडल्यावर भोके आणि उक्षी या स्टेशनांच्या मधे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो. तिथं पोरांना वाद्यं बाहेर काढू देऊ नयेत, डब्यात इतर माणसंही झोपलेली असतात.

दादरला उतरलं की शिवाजी पार्क पायी जाण्यासारखं. राज्याच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचं हे मैदान, पोरांना एकदा नुसतं दाखवलं तरी पुष्कळ.

तारीख निवडताना मात्र शिमगा, मे महिना आणि गणपती टाळावे लागतात, त्या दिवसांत गाडीत पाय ठेवायला जागा नसते. जानेवारी बरा, तर तेव्हा आंब्याला मोहर असतो आणि घरची माणसं फवारणीत गुंतलेली. आपल्याकडे त्याच महिन्यात तोड ऐन भरात. म्हणजे आईबापाला सवड इथंही नाही आणि तिथंही नाही. सगळा भार मास्तरांवर, आणि मुली असल्या तर बाईंवरही.

समुद्राकाठच्या हवेत वाद्यांचे हाल होतात ते वेगळेच. दमट दिवसांत कातडं ढिलं पडतं, ड्रम बसल्या आवाजात बोलतो. पितळ हिरवं पडतं. म्हणून बरेच जण आता कातड्याऐवजी प्लॅस्टिकचं पान लावतात. बिगुलाचं तोंड रोज पुसावं लागतं. हे काम ज्या शाळेत पोरं स्वतः करतात तिथला बँड टिकतो, शिपायावर सोपवलं की संपलं.

आता आपल्या बाजूचा दाखला घेऊ. १९ नोव्हेंबर १९८२ ला दिल्लीत नवव्या आशियाई खेळांचं उद्घाटन झालं. जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये सांगलीच्या चारशे जणांनी लेझीम केलं. घरोघर टी.व्ही. नव्हते, पण ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. त्याआधी १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं आपले देशी खेळ करून दाखवले होते. चारशे जणांचं पाऊल एका ठेक्यात पडायचं तर त्याची तालीम दिल्लीत होत नाही, ती गावच्या मैदानावरच व्हावी लागते. मोठ्या शहरात फक्त दिसते.

दिल्लीची वाट आता शाळांच्या बँडालाही खुली आहे. संरक्षण मंत्रालय आणि शिक्षण मंत्रालय मिळून राष्ट्रीय शाळा बँड स्पर्धा घेतात. आधी राज्य, मग विभाग, मग दिल्ली. आपलं राज्य पश्चिम विभागात येतं. ब्रास बँड आणि पाईप बँड, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे, असे चार गट. जानेवारी २०२४ आणि जानेवारी २०२५ ला अंतिम फेरी मेजर ध्यानचंद स्टेडियमवर झाली. साध्या ड्रम-बिगुलाच्या पथकानं लगेच तिथली स्वप्नं पाहू नयेत, ब्रास बँडाची वाद्यं महाग आणि शिकवणारा माणूस त्याहून दुर्मिळ.

खरी मेख तिथंच आहे. देणगीदार वाद्यं देतो, कारण त्यावर नाव घालता येतं. शिकवणाऱ्याच्या मानधनावर नाव घालता येत नाही, म्हणून ते कोणी देत नाही. दुसरं, दहावी आली की पालक पोराला बँडातून काढतात. दर वर्षी तयार पोरं जातात. खोडव्यावर किती वर्षं काढणार? पाचवी-सहावीचं बेणं आधीच लावून ठेवलेलं नसेल तर तिसऱ्या वर्षी रान मोकळं. आणि तिसरं म्हणजे प्रवास. वर्षातून एकदा कुठंतरी जायचं आहे हे माहीत असलं की पोरं सकाळी सातला मैदानावर हजर राहतात. नाहीतर २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट असे दोन दिवस वाजवण्यासाठी वर्षभर कोण घाम गाळील? आमचं सरळ मत असं की ज्याला देणगी द्यायची आहे त्यानं यंदा ड्रम देऊ नये, गाडीभाडं द्यावं.

ज्या सभासदांच्या गावच्या शाळेत वाद्यं बंद पडून आहेत, त्यांनी शाळेचं नाव, कोणती वाद्यं किती, त्यातली चालू किती, आणि शिकवणारं कोणी आहे का, एवढं एका कागदावर लिहून आपल्या गट ऑफिसात द्यावं. हंगाम संपल्यावर मुख्याध्यापकांना बोलावून बसू. मे महिन्यात शाळा बंद असतात, तेव्हा कागद त्याआधी यावेत.