अनिर्णीत कथासूत्रे आणि प्रेक्षकाचे वाचन : ‘ट्विन पीक्स’च्या निमित्ताने

रहस्यकथेचा वाचक लेखकाशी एक अलिखित करार करीत असतो. आरंभी उपस्थित झालेल्या प्रश्नाचे उत्तर अखेरीस मिळेल, या भरवशावर तो मधला सारा विलंब आनंदाने सोसतो. दूरचित्रवाणी मालिकेत हा करार जोखमीचा होतो. तेथे कथा घडत असतानाच दाखविली जाते आणि ती केव्हा थांबावी हे केवळ लेखकाच्या हाती नसते. अशा वेळी अपुरे राहिलेले कथासूत्र खंडित झाले, की हेतुतः मोकळे सोडले गेले, हे प्रेक्षकाने कसे ठरवावे? डेव्हिड लिंच व मार्क फ्रॉस्ट यांच्या ‘ट्विन पीक्स’ या अमेरिकन मालिकेच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

एबीसी वाहिनीवर ८ एप्रिल १९९० रोजी सुरू झालेल्या या मालिकेचा मूळ प्रश्न साधा होता : लॉरा पामर या शाळकरी मुलीचा खून कोणी केला? प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित ठेवण्याकडे निर्मात्यांचा कल होता. वाहिनीला मात्र उत्तर हवे होते. नोव्हेंबर १९९० मध्ये लॉराचे वडील लीलंड हे खुनी असल्याचे उघड झाले. परंतु त्यांच्या देहात ‘बॉब’ नावाच्या दुष्ट शक्तीचा वास असल्याचेही त्याच वेळी दाखविले गेले.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, घटनेचे स्पष्टीकरण लौकिक की अलौकिक, याविषयी वाचकाचा संभ्रम टिकतो तोवरच त्यांना अभिप्रेत असलेला कथाप्रकार जिवंत असतो. येथे अपराध्याचे नाव कळूनही संभ्रम सरत नाही. बॉबला सर्वस्वी खरे मानले तर पिता निर्दोष ठरतो आणि मुलीने सोसलेल्या अत्याचाराला कोणीच उत्तरदायी उरत नाही. त्याला केवळ प्रतीक मानले तर इतर पात्रांना झालेले त्याचे दर्शन निरर्थक ठरते. लीलंडच्या मृत्यूनंतर तपास करणारी माणसेही याच प्रश्नापाशी थबकतात. ही अनिर्णीतता रचनेतील उणीव नसून आशयाची निकड आहे.

१० जून १९९१ रोजी प्रक्षेपित झालेल्या अखेरच्या भागातील सूत्रांविषयी मात्र असे निःशंकपणे म्हणता येत नव्हते. बँकेच्या तिजोरीच्या दाराशी स्वतःला साखळीने बांधून घेतलेली ऑड्री हॉर्न स्फोटात सापडते. ती वाचली की नाही हे कळत नाही. तपास अधिकारी डेल कूपर ‘ब्लॅक लॉज’ या गूढ स्थानी अडकतो आणि त्याचे दुष्ट प्रतिरूप जगात परतते. पहिल्या घटनेत पुढील भागाची तरतूद दिसते, तर दुसरीत शोकान्त शेवटाची शक्यता. मालिका तेथेच थांबल्यामुळे १९९१ च्या प्रेक्षकाला दोन्ही सारखीच तुटलेली भासली. १९९२ चा चित्रपट लॉराच्या अखेरच्या सात दिवसांकडे वळला. त्याने तिची वेदना केंद्रस्थानी आणली. हे दोन प्रश्न मात्र सोडविले नाहीत.

भारतीय परंपरेशी तुलना केल्यास हा पेच अधिक स्पष्ट होतो. नाट्यशास्त्रानुसार विखुरलेली सूत्रे निर्वहण संधीत एकत्र येतात आणि तेथे अद्भुत रसाची योजना करावी, असे सांगितले आहे. म्हणजे अद्भुत हा उकलीचा सोबती आहे. ‘ट्विन पीक्स’मध्ये अद्भुत वाढतो तशी उकल दूर जाते. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तील वेताळकथा यास अधिक जवळची वाटते. राजाने उत्तर दिले की वेताळ झाडावर परततो. अखेरच्या कोड्यापुढे राजा निरुत्तर होतो, तेव्हाच ही येरझार संपते. मात्र तेथे अनुत्तरित कोड्याभोवती पूर्ण झालेली चौकटकथा आहे. १९९१ च्या प्रेक्षकाला अशी चौकट लाभली नाही.

२०१७ मध्ये शोटाइम वाहिनीवर आलेल्या अठरा भागांनी ही चौकट पुरविली नाही. उलट जुन्या सूत्रांचे स्वरूपच पालटले. ऑड्री परतते, पण ती कोठे आहे हे सांगितले जात नाही. खंडित वाटलेले सूत्र अशा रीतीने हेतुतः मोकळे केले गेले. कूपर भूतकाळात शिरून लॉराचा खूनच टाळू पाहतो. त्यामुळे उकललेले एकमेव कोडेही पुन्हा अनिर्णीत होते.

यावरून दिसते की ‘खंडित’ आणि ‘मोकळे’ हे कथासूत्राचे अंगभूत गुण नव्हेत. ते वाचनाच्या काळानुसार ठरतात. सव्वीस वर्षे वाट पाहिलेला प्रेक्षक आणि सर्व भाग सलग पाहणारा आजचा प्रेक्षक एकच संहिता वाचतात असे म्हणणे कठीण आहे. म्हणून मालिकारूप कथनाचा तौलनिक अभ्यास करताना कोणती संहिता वाचली याबरोबरच ती केव्हा आणि कोणत्या खंडानंतर वाचली, याचीही नोंद आवश्यक ठरते. प्रतीक्षेचा तो काळ संहितेबाहेरचा असला, तरी तिच्या अर्थाबाहेरचा नाही.