गुडघा नवा, पोट जुने

गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया मोठ्या शहरांत आता नित्याची झाली असली, तरी तिच्यानंतरचे दोन-तीन महिने कसे जातील हे केवळ सांध्यावर ठरत नाही. ज्या रुग्णाला जुने आम्लपित्त आहे, जठरव्रण होऊन गेला आहे, आतडे वारंवार बिघडते किंवा मोठ्या आतड्याला सूज येत राहते, त्याच्या गुडघ्याची प्रगती बऱ्याच अंशी पोटच ठरवते. सुरतेसारख्या शहरात या दोन दुखण्यांची गाठ एकाच माणसात पडावी यात नवल नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात आणि त्यांतील अनेकांचे आयुष्य यंत्रमागावर बारा-बारा तास उभे राहण्यात, पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलण्यात, चहा-तंबाखूवर भूक मारण्यात आणि घरी आल्यावर ठेचा-शेवभाजीवर ताव मारण्यात गेलेले असते.

शस्त्रक्रियेत मांडीच्या व नडगीच्या हाडांची झिजलेली टोके कापून त्यांवर धातूचे आवरण बसवले जाते आणि दोहोंच्या मध्ये टिकाऊ प्लास्टिकची चकती घातली जाते. आधुनिक कृत्रिम सांध्याची घडण १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि भारतीय वंशाचे चित्तरंजन राणावत यांच्या गटाने पक्की केली. याच राणावतांनी ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया केली आणि या शस्त्रक्रियेचे नाव घरोघरी पोचले. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने सांध्यांच्या किमतींना कमाल मर्यादा घातली, त्यामुळे सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत, कर वगळून, ५४,७२० रुपयांवर आली. सांधा स्वस्त झाला. सांध्याभोवतीचे शरीर मात्र तेच राहिले.

पहिला प्रश्न शस्त्रक्रियेच्याही आधीचा आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरावर व्रण पडून रक्तमिश्रित जुलाब होण्याचा विकार, किंवा क्रोन्स, ज्यात पचनमार्गाच्या कोणत्याही भागाला दाह होऊ शकतो, यांपैकी काही असेल, तर गुडघ्याची सूज झिजेमुळे नसून आतड्याच्याच दाहाचे सांध्यापर्यंत पोचलेले रूप असू शकते, आणि अशी सूज पुष्कळदा आतड्याच्या उपचारांनी उतरते. त्याशिवाय या विकारांत दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडमुळे हाडे विरळ होतात, कधी हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा बंद पडून तो भाग मृत होतो. पोटाची जुनी कागदपत्रे गुडघ्याच्या सर्जनला दाखवणे, ही सहसा कोणी न करणारी गोष्ट, म्हणूनच सर्वांत आधी करायची आहे.

खरी कसोटी वेदनाशामकांपाशी लागते. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होऊ देत नाहीत. हीच रसायने सांध्यात सूज आणि वेदना निर्माण करतात, पण हीच जठराच्या अस्तरावर संरक्षक थरही राखतात, त्यामुळे गुडघ्याला मिळणाऱ्या आरामाची किंमत जठराला मोजावी लागते. या बाबतीत दोन समजुती फार रूढ आहेत. एक, गोळीऐवजी इंजेक्शन घेतले की पोट वाचते. प्रत्यक्षात औषध रक्तातून फिरत असल्याने ते कोणत्याही वाटेने शरीरात गेले तरी जठरावर परिणाम करतेच. दुसरी, सोबत आम्ल कमी करणारी पँटोप्राझोलसारखी गोळी असली की चिंता नाही. ही गोळी जठर व त्यालगतचा आतड्याचा आरंभीचा भाग बऱ्यापैकी सांभाळते, परंतु त्यापुढच्या लहान-मोठ्या आतड्याला तिचे संरक्षण मिळत नाही, आणि आतड्याच्या दाहाच्या रुग्णात अशा वेदनाशामकांनी शांत झालेला विकार पुन्हा भडकू शकतो. म्हणून अशा रुग्णासाठी पायाच्या मज्जातंतूजवळ भूल देऊन पहिले दिवस निभावणे, बर्फाचा शेक आणि नियमित अंतराने पॅरासिटामॉल हा पाया धरून वर गरजेपुरते दुसरे औषध देणे, हा मार्ग अधिक शहाणपणाचा ठरतो. पॅरासिटामॉल मात्र निरुपद्रवी समजून कितीही घ्यायचे औषध नव्हे. प्रौढाने दिवसाला ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, किरकोळ शरीरयष्टीच्या किंवा यकृत कमकुवत असलेल्या रुग्णासाठी ती आणखी खाली असते, आणि औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या अनेक मिश्र गोळ्यांत ते आधीच मिसळलेले असते.

मग उरते ट्रॅमॅडॉलसारखे, अफूजन्य औषधांच्या धर्तीवर मेंदूत वेदना दाबणारे औषध. ते जठराला व्रण पाडत नसले तरी मळमळ आणते आणि आतड्याची हालचाल मंदावते. इरिटेबल बॉवेल, म्हणजे आतड्यात व्रण वा सूज नसतानाही पोटदुखी, गॅस, जुलाब किंवा बद्धकोष्ठ आलटून-पालटून होण्याचा विकार, असलेल्या रुग्णाला यासाठी आधीपासून कमी मात्रेत अमिट्रिप्टिलीन हे औषध चालू असू शकते. ते आणि ट्रॅमॅडॉल एकत्र आले की गुंगी वाढते, झटके येण्याचा धोका वाढतो, आणि ही जोडी दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर असल्याने कोणाच्या नजरेस पडत नाही.

बद्धकोष्ठाचा विषय निघाला की गुजरातेत इसबगोल पुढे येणारच, कारण देशातील इसबगोलाची मोठी बाजारपेठ उत्तर गुजरातेतील उंझा येथे आहे आणि घराघरात त्याचा डबा असतो. इसबगोल पाणी शोषून मलाचा आकार वाढवतो; पण औषधाने आतडेच सुस्तावलेले असताना आणि रुग्ण पुरेसे पाणी पीत नसताना हा वाढलेला आकार पुढे सरकत नाही, उलट पोट फुगते. अशा वेळी मलात पाणी धरून ठेवणारी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड अधिक उपयोगी पडते. नेहमीचे लॅक्टुलोज गॅसची तक्रार असणाऱ्याला त्रास देते. पोट ताठर होऊन फुगले, वारा सरेनासा झाला आणि उलट्या सुरू झाल्या, तर रेचकांचा खेळ थांबवून रुग्णालय गाठावे, कारण आतड्याची हालचाल पूर्ण थांबण्याचा प्रकार सांधेबदलानंतर क्वचित पण निश्चित घडतो. आणखी एक फसवी खूण शौचाच्या रंगाची आहे. रक्त भरून येण्यासाठी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी शौच काळसर होते. डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे शौच मात्र जठरातील रक्तस्रावाचे लक्षण असते. गोळ्यांमुळे असेल असे म्हणून दोन दिवस थांबणे जिवावर बेतू शकते, विशेषतः गाठी रोखण्यासाठी रक्त पातळ करणारे औषधही चालू असताना.

ते औषध टाळताही येत नाही. सांधेबदलानंतर पायाच्या खोल शिरांत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, म्हणून साधारण १० ते ३५ दिवस प्रतिबंधक औषध देतात. आतड्याचा दाह असणाऱ्यांत गाठींची प्रवृत्ती मुळातच अधिक असते, आणि सुरतेच्या उकाड्यात जुलाबाने शरीर कोरडे पडले की ती आणखी वाढते. पाय सुजला म्हणून पोटरी तेलाने चोळून घेणे, हा शेजारपाजारचा प्रेमळ सल्ला, नेमका अशा वेळी घातक आहे. अँटिबायोटिकच्या बाबतीतही थोडे पुरते: जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात शस्त्रक्रिया संपल्यावर केवळ प्रतिबंध म्हणून ती चालू ठेवू नयेत असे सांगितले आहे, आणि ज्याचे आतडे आधीच नाजूक आहे त्याला पाच-सात दिवसांचा अनावश्यक कोर्स हट्टी जुलाबाच्या दारात नेऊन सोडतो.

शौचालयाकडे वैद्यकीय पुस्तके फारशी वळत नाहीत, पण घरी परतलेल्या रुग्णाचा दिवस त्याभोवतीच फिरतो. नव्या गुडघ्याने उकिडवे बसू नये असे बहुतेक सर्जन सांगतात. एका खोलीच्या घरात किंवा सामाईक भारतीय बैठकीचे शौचालय असलेल्या चाळीत हा सल्ला कागदावरच राहतो. त्यात ज्याला शौचाची घाई आवरत नाही असा रुग्ण वॉकर टाकून धावतो आणि पडतो. भाड्याने वा विकत मिळणारी कमोडची खुर्ची बिछान्याजवळ ठेवणे, भिंतीला आधाराचा दांडा बसवणे, रात्री दिवा चालू ठेवणे यांवर शस्त्रक्रियेपूर्वीच झालेला थोडासा खर्च पुढची मोठी आपत्ती वाचवतो. व्यायामाची वेळही पोटाच्या वेळापत्रकाशी जुळवावी: घोटा वर-खाली हलवणे, मांडीचा स्नायू आवळून धरणे, टाच बिछान्यावरून ओढत गुडघा वाकवणे हे दिवसातून अनेकदा थोडे-थोडे करावे, जेवणावर लगेच नको, आणि आरामासाठी गुडघ्याखाली उशी कधीच ठेवू नये, कारण त्याने पाय वाकलेलाच राहण्याची सवय लागते.

जखम भरायला प्रथिने लागतात आणि जुन्या पचनविकारात नेमकी त्यांचीच चणचण असते. शस्त्रक्रियेपूर्वी हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातील मुख्य प्रथिन, तपासून घ्यावे; अल्ब्युमिन दर डेसिलिटरला ३.५ ग्रॅमच्या खाली असेल तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो. हाडे भरून यावीत म्हणून गावाकडून येणारे डिंकाचे तुपाळ लाडू अशा पोटाला पेलत नाहीत. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, पचत असेल तर दही-ताक, पनीर, अंडे, आणि हे सारे थोडे-थोडे पाच-सहा वेळा, हे अधिक अंगी लागते. ठेचा आणि सुरती लोचो दोन महिने वाट पाहू शकतात.

सुरतेतील न्यू सिव्हिल आणि महापालिकेचे स्मीमेर या दोन्ही सार्वजनिक रुग्णालयांत अस्थिरोग आणि मेडिसिन विभाग एकाच आवारात आहेत, तेव्हा दोन्ही डॉक्टरांनी पाहिलेली औषधांची एकच यादी करून घेणे अशक्य नाही; नियमित स्टेरॉइड घेणाऱ्याने तर ती स्वतःहून एक दिवसही बंद करू नयेत, कारण शस्त्रक्रियेच्या ताणात शरीराला त्यांची अधिकच गरज असते. आणि त्या यादीवर नजर टाकताना आतड्याचा विकार भडकलेला आढळला, तर तारीख पुढे ढकलण्याचा आग्रह रुग्णाने स्वतः धरावा. झिजलेल्या गुडघ्याचा सांधेबदल ही तातडीची शस्त्रक्रिया नाही.